लहान विमान कंपनी डळमळू लागते तेव्हा : पुण्याच्या प्रवाशाने तिकीट कसे काढावे आणि पैसे कसे सांभाळावेत

महाराष्ट्रातील लहान शहरांना जोडणारी विमानसेवा बहुतांशी प्रादेशिक कंपन्यांच्या जिवावर चालते. या कंपन्यांकडे विमाने मोजकी असतात, मार्गही मोजके असतात आणि पुढच्या हंगामात त्या टिकतील की नाही याबद्दलची कुजबुज कधी थांबत नाही. अशी कुजबुज कानावर आली की पुण्यातील प्रवासी दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर त्या कंपनीचे नाव तो कायमचे वर्ज्य करतो, किंवा भाडे स्वस्त दिसले म्हणून दिवाळीसाठी सगळ्या घराची तिकिटे तीन महिने आधी काढून मोकळा होतो. माझ्या मते दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. नांदेड, जळगाव किंवा सिंधुदुर्गासारख्या ठिकाणी तासाभरात पोहोचवणारी सेवा टिकायला हवी असेल, तर प्रवाशांनी तिचा वापर करायला हवा. परंतु तो करताना स्वतःचे पैसे अडकणार नाहीत, याची तजवीजही प्रवाशानेच करायला हवी.

या संपूर्ण विषयाच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आगाऊ काढलेले विमानाचे तिकीट म्हणजे आपण त्या कंपनीला दिलेले बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज असते. हे कर्ज किती द्यायचे, किती दिवसांसाठी द्यायचे आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, हे कंपनी सुरू असेपर्यंत आपल्या हातात असते. ती बंद पडल्यानंतर आपल्या हातात फारच थोडे उरते.

आधीच्या कंपन्यांचे काय झाले

किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणे थांबवली. यांपैकी जेट आणि गो फर्स्ट या दोन कंपन्यांनी आपण ‘तात्पुरती’ स्थगिती देत असल्याचे सांगितले होते; गो फर्स्टने तर आधी तीन दिवसांची उड्डाणे रद्द केली आणि मग ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली. जेट एअरवेजसाठी जालान-कालरॉक समूहाची पुनरुज्जीवन योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, तरीही प्रवाशांना घेऊन तिचे एकही नियमित उड्डाण पुन्हा झाले नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे ती बंद करून मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश दिला. गो फर्स्टबाबत असाच आदेश राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये दिला.

या मोठ्या कंपन्या होत्या. प्रादेशिक कंपन्यांची यादी याहून लांब आहे आणि तिच्याबद्दल बोलले मात्र कमी जाते. बंगळूरची एअर पेगासस २०१६ मध्ये थांबली, विजयवाड्याची एअर कोस्टा २०१७ मध्ये थांबली. लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने आणलेल्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे २७ एप्रिल २०१७ रोजी, हैदराबाद-नांदेड मार्गावर उतरलेली ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. त्याच योजनेत लहान विमाने घेऊन नाशिक-जळगावच्या मार्गांवर आलेली एअर डेक्कन २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

या सर्व उदाहरणांवरून पहिला नियम असा निघतो की ‘तात्पुरती स्थगिती’ हे शब्द ऐकताच सेवा संपली असे धरून त्याच दिवशी परताव्याच्या मागे लागावे. सेवा खरोखरच पुन्हा सुरू झाली, तर नवे तिकीट काढता येते. परंतु वाट पाहण्यात गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

मार्ग बंद होणे आणि कंपनी बंद होणे यांतील फरक

प्रवासी या दोन गोष्टींची गल्लत करतात. उडान योजनेत विमानातील साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्याने विकायच्या असतात आणि त्यातून येणारी तूट सरकार तीन वर्षांपर्यंत भरून देते. ही मुदत संपली की तो मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, अशी अपेक्षा असते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी फक्त ५४ मार्ग चालू राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळाच्या उद्घाटनाबरोबर सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई-सिंधुदुर्ग सेवाही तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, थांबली.

मार्ग बंद झाला तरी कंपनी जिवंत असते, त्यामुळे परतावा बहुधा ठरल्या वेळेत मिळतो आणि त्रास होतो तो प्रवासाच्या आखणीचा. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तो मार्ग कधी सुरू झाला होता, हे एकदा पाहून ठेवावे. तीन वर्षे पूर्ण होण्याच्या आसपासची तारीख असेल, तर ती एकटीच पुरेशी सूचना आहे. कंपनी बंद पडणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे आणि त्याची चाहूल आधी लागू शकते.

लक्षणे कशी वाचावीत

सर्वांत विश्वासार्ह लक्षण म्हणजे परताव्याला लागणारा वेळ. रोकड संपत आलेली कंपनी इंधनाचे आणि विमानतळाचे पैसे आधी भरते, कारण ते न भरल्यास विमान त्याच दिवशी जमिनीवर राहते. प्रवाशाचा परतावा मात्र ती लांबवू शकते. पुण्यातील तिकीट एजंटांना हे आपल्याआधी कळते. अनेक कंपन्यांकडे एजंटांना आगाऊ रक्कम ठेवावी लागते आणि रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे त्याच खात्यात परत येतात, त्यामुळे पैसे यायला उशीर होऊ लागला की तो त्यांना प्रथम जाणवतो. आपल्या ओळखीच्या एजंटाला नुसते ‘कंपनी कशी आहे?’ असे विचारू नये; ‘या कंपनीच्या रद्द तिकिटाचे पैसे तुमच्याकडे गेल्या महिन्यात किती दिवसांनी जमा झाले?’ असा नेमका प्रश्न विचारावा.

दुसरे लक्षण विमानांच्या संख्येत सापडते. कंपनीच्या संकेतस्थळावर पाच विमाने लिहिलेली असतात, परंतु प्रत्यक्षात तीनच उडत असतात आणि उरलेल्या दोहोंचे सुटे भाग काढून त्या तिघांना लावलेले असू शकतात. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांक टाकल्यास गेल्या काही दिवसांतील त्या उड्डाणाचा इतिहास दिसतो : ते वेळेवर निघाले का, किती वेळा रद्द झाले, कोणते विमान वापरले गेले. तीन विमानांच्या कंपनीत एक विमान बिघडले की त्या दिवशीची एक फेरी रद्द होऊन भागत नाही; तेच विमान दिवसभरात आणखी तीन-चार शहरांना जाणार असते, त्यामुळे सकाळी गोव्यात किंवा हैदराबादेत झालेल्या बिघाडाने दुपारी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर थांबलेला प्रवासी अडकतो. आपले विमान आपल्याकडे येण्यापूर्वी कुठे आहे, हे त्याच संकेतस्थळावर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरे लक्षण सरकारी कागदांत असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, दर महिन्याला देशांतर्गत वाहतुकीचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक कंपनीचे उड्डाणे रद्द होण्याचे प्रमाण, विमाने किती टक्के भरली आणि प्रवाशांच्या तक्रारी किती आल्या, हे दिलेले असते. एका महिन्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये; सलग चार-पाच महिन्यांचे अहवाल शेजारी ठेवून रद्द होण्याचे प्रमाण वाढत चालले आहे का, ते पाहावे. विमाने भाड्याने देणाऱ्या परदेशी कंपन्या आपली विमाने परत मागू लागल्या की त्या विमानांची नोंदणी रद्द करण्याचे अर्ज डीजीसीएकडे येतात आणि तेही तिच्या संकेतस्थळावर दिसतात. असे अर्ज दिसू लागले असतील, तर त्या कंपनीचे पुढच्या महिन्याचे तिकीट मी काढणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही काढायला सांगणार नाही.

पगार थकल्याच्या, वैमानिक सोडून जात असल्याच्या आणि तेल कंपन्यांनी उधारी बंद केल्याच्या बातम्या गांभीर्याने घ्याव्यात. जेटच्या अखेरच्या दिवसांत इंडियन ऑइलने इंधनपुरवठा थांबवला होता. भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा फार मोठा असतो, आणि विमानांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते. रुपयात तिकिटे विकणाऱ्या लहान कंपनीला या दोहोंमध्ये श्वास घ्यायला जागा कमी असते. नवा गुंतवणूकदार येत असल्याच्या घोषणेने मात्र लगेच निर्धास्त होऊ नये. पैसे प्रत्यक्षात आले की नाही, हे थांबलेली विमाने पुन्हा उडू लागल्यावरच समजते.

काही गोष्टी लक्षणे वाटतात, पण तशा नसतात. जून ते सप्टेंबर या काळात कोकणात आणि घाटमाथ्यावर ढग उतरले की लहान विमानतळांवरील उड्डाणे रद्द होणारच, कारण अशा अनेक ठिकाणी कमी दृश्यमानतेत विमान उतरवण्याची साधने मर्यादित असतात. पावसाळ्यातील आकडे त्यामुळे वेगळे वाचावेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, धावपट्टी दलाची आहे आणि नागरी विमानांच्या वेळा दलाच्या गरजा सांभाळून ठरतात. त्यामुळे लहान कंपनीला गैरसोयीची वेळ मिळाली किंवा वेळ बदलली, एवढ्यावरून ती अडचणीत आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. या तारखांच्या आसपासचे बदलही नेहमीचेच असतात.

तिकीट कसे काढावे

लक्षणे पाहून धोका मध्यम वाटत असेल, तर तिकीट काढावे. परंतु पुढील पद्धतीने काढावे.

पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. याचे कारण चार्जबॅक नावाची सोय आहे. सेवा मिळालीच नाही, असे कार्डधारकाने सिद्ध केले की त्याची बँक कार्ड-व्यवस्थेमार्फत ही रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागते. हा व्यवहार दोन बँकांमध्ये होत असल्यामुळे कंपनीच्या तिजोरीत काही उरले आहे की नाही, यावर तो पूर्णपणे अवलंबून राहत नाही. डेबिट कार्डालाही ही सोय असते, पण त्यात आपल्या खात्यातील पैसे आधीच गेलेले असतात. यूपीआयने किंवा नेट बँकिंगने दिलेले पैसे सेवा न मिळाल्याच्या कारणावरून परत मिळवणे त्यामानाने बरेच अवघड असते. दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी यूपीआय निवडणे अशा कंपनीच्या बाबतीत परवडणारे नाही.

तिकीट प्रवासाच्या जितके जवळ काढता येईल, तितके जवळ काढावे. थोडे अधिक भाडे पडेल, पण बिनतारण कर्जाची मुदत कमी होईल. माझ्या मते डळमळीत कंपनीसाठी दोन ते तीन आठवडे ही मर्यादा योग्य आहे. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे काढावे, आणि शक्य असल्यास परतीचा प्रवास रेल्वेचा ठेवावा, म्हणजे अर्धीच रक्कम धोक्यात राहते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी किंवा सहलीसाठी गटाच्या जागा राखून अनामत भरणे टाळावे. गट तिकिटांचे नियम वेगळे असतात, पैसे अनेकदा एजंटाच्या नावाने जातात आणि वाद झाला की कोणी कोणाला किती दिले, याचाच घोळ होतो. भेट-व्हाउचर, प्रवास-पास आणि ‘आत्ता भरा, वर्षभरात कधीही उडा’ अशा योजना तर पूर्णपणे टाळाव्यात.

तिकिटावर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच द्यावा. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु प्रवाशाने संपर्काची माहिती दिली नसेल तर उड्डाण रद्द झाल्याची सूचना न मिळाल्याबद्दलची भरपाई नाकारता येते. एजंटाने स्वतःचा क्रमांक टाकला असेल, तर तो त्याच दिवशी बदलून घ्यावा. तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि कार्डाच्या विवरणपत्रावर विक्रेत्याचे नाव काय दिसते, या तिन्हींची प्रत जपून ठेवावी. त्या विवरणपत्रावर विमान कंपनीऐवजी तिकीट विकणाऱ्या मध्यस्थाचे नाव असेल, तर पुढे चार्जबॅकची मागणी त्या मध्यस्थाविरुद्ध करावी लागते.

प्रवास विमा घेतलेला असल्यास त्यातील वगळलेल्या बाबींचा परिच्छेद वाचावा. सेवा देणाऱ्या कंपनीची दिवाळखोरी त्यात वगळलेली असेल, तर त्या विम्याचा या प्रसंगी उपयोग नाही.

दुसरी सोय आधीच करून ठेवणे

तिकीट काढताना विमान निघाले नाही तर काय करायचे, हे त्याच दिवशी ठरवून ठेवावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. गणपती, दिवाळी किंवा न चुकवता येणाऱ्या कामासाठी रेल्वेचे पक्के आरक्षण करून ठेवावे आणि विमान वेळेवर निघते आहे असे दिसल्यावर ते रद्द करावे. त्यात थोडे पैसे जातात, ते जाऊ द्यावेत. नांदेड-लातूरसाठी पुण्यावरून जाणारी पनवेल-नांदेड गाडी आहे. जळगावसाठी दौंड-मनमाडमार्गे जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आणि इतर गाड्या आहेत. सावंतवाडी-कुडाळकडे स्वारगेटहून एसटी जाते, तर मराठवाडा आणि विदर्भाकडे जाणाऱ्या खासगी गाड्या संगमवाडीहून सुटतात. परगावाहून पुण्याला रुग्णालयात तपासणीसाठी, परीक्षेसाठी किंवा मुलाखतीसाठी येणाऱ्या नातेवाइकांना एक दिवस आधीच बोलवावे. त्याच दिवशीच्या विमानावर भिस्त ठेवून शस्त्रक्रियेची वेळ घेणे योग्य नाही.

मुंबईहून किंवा नवी मुंबईहून पुढे परदेशी जायचे असेल, तर लहान कंपनीचे विमान आणि परदेशी विमान ही स्वतंत्र तिकिटांवर जोडू नयेत. पहिले विमान रद्द झाले, तरी दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही.

उड्डाण रद्द झाले तर

कंपनी चालू असताना उड्डाण रद्द झाले, तर डीजीसीएच्या नियमांनुसार प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा, यांपैकी जे हवे ते निवडण्याचा हक्क असतो. किमान दोन आठवडे आधी कळवले असेल, तर भरपाई मिळत नाही. योग्य सूचना न देता रद्द केले, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी भरपाई मिळते. ‘जी कमी असेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दीड-दोन हजारांच्या तिकिटावर पाच हजारांची अपेक्षा ठेवून काउंटरवर वाद घालणारे प्रवासी दिसतात. नियम त्यांच्या बाजूने नसतो. हवामान, संप, सुरक्षेचा प्रश्न अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी ही भरपाई मिळत नाही, परतावा मात्र मिळतोच. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावरील प्रवासी हक्कांची सनद एकदा पाहावी.

विलंबासाठीही नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक विलंब झाल्यास विमानतळावर खाण्यापिण्याची सोय करावी लागते. सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांची निवड द्यावी लागते.

प्रादेशिक मार्गावर पर्यायी उड्डाणाची अडचण अशी असते की त्याच कंपनीचे पुढचे विमान दोन दिवसांनी असते आणि दुसरी कंपनी त्या मार्गावर नसते. डळमळीत कंपनी तेव्हा परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ देऊ करते, म्हणजे आपली रक्कम पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच राहते. हे स्वीकारणे प्रवाशाच्या मर्जीवर असते; कंपनी ते लादू शकत नाही. अशा कंपनीकडून क्रेडिट शेल कधीही घेऊ नये. ‘मला मूळ खात्यात पूर्ण परतावा हवा आहे’ एवढे एक वाक्य ई-मेलने लिहून पाठवावे आणि काउंटरवरील कर्मचाऱ्याकडून रद्द होण्याचे कारण लेखी मागावे. तो कर्मचारी कदाचित दोन महिन्यांपासून पगाराविना उभा असतो, हे मनात ठेवून त्याच्याशी सभ्यतेने बोलावे. त्याच्यावर आवाज चढवल्याने परतावा लवकर येत नाही. परत न मिळणाऱ्या प्रकारचे तिकीट आपणच रद्द केले असले, तरी विमानतळाचे शुल्क आणि कर परत मागता येतात.

कंपनीकडून उत्तर आले नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी आणि त्याचबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर कळवावे. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय हैदराबादेत असले तरी पुणेकराला पुण्यातच दाद मागता येते. तिकिटासाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच सुरू केली. तक्रारीचा मसुदा कसा करावा हे समजून घ्यायचे असेल, तर अशा संघटनेच्या कार्यकर्त्यांकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

कंपनीच बंद पडली तर

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर परताव्याचा अर्ज करावा आणि त्याच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे, कारण काही दिवसांनी ते संकेतस्थळच उघडेनासे होते. त्याच दिवशी कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी चार्जबॅक मागावा. त्यासोबत तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा, उड्डाणे थांबवल्याची कंपनीची घोषणा आणि परताव्याचा अर्ज जोडावा. प्रवासाची तारीख अजून आलेली नाही म्हणून बँकेने अर्ज परत केला, तर तारीख उलटताच तो पुन्हा करावा. या सोयीला कालमर्यादा असते, तेव्हा यात दिरंगाई नको. तिकीट हप्त्यांवर घेतले असल्यास वाद मिटेपर्यंत हप्ते थांबवू नयेत, नाहीतर दंड आणि पत खराब होणे हे नवे नुकसान ओढवते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

एजंटामार्फत तिकीट घेतले असेल, तर त्यालाही ई-मेल पाठवावा. मात्र शहरातील लहान एजंटाची स्वतःची ठेव त्याच कंपनीत बुडालेली असते, हे लक्षात घ्यावे. त्याने कंपनीला पैसे पोहोचवल्याचा पुरावा त्याच्याकडून मिळवणे, हेच आपल्या कामाचे असते.

याच दिवसांत फसवणूक करणारे सक्रिय होतात. गुगलवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला की बनावट क्रमांक वर येतो, पलीकडचा माणूस परतावा देण्याच्या नावाखाली ओटीपी मागतो किंवा मोबाइलचा पडदा दिसेल असे ॲप उतरवून घ्यायला सांगतो. परतावा मिळवण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. घरातील ज्येष्ठांच्या नावावर तिकिटे असतील, तर त्यांना हे आजच समजावून सांगावे. फसवणूक झालीच, तर लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की न्यायाधिकरण तिच्याविरुद्धच्या कारवायांना स्थगिती देते, त्यामुळे ग्राहक आयोगातील प्रकरणही थांबते. त्यानंतर एकच मार्ग उरतो तो दाव्याचा. प्रक्रिया सांभाळण्यासाठी नेमलेला व्यावसायिक वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देतो. त्यात दावा कुठे, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा, हे दिलेले असते. इंग्रजी वृत्तपत्राबरोबर एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रातही ते येते, परंतु कंपनी दुसऱ्या राज्यातील असेल तर ती भाषा मराठी नसते. म्हणून भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरच ते पाहावे. दावा करायला शुल्क नसते.

त्यातून किती मिळेल, याबद्दल मात्र भ्रम नको. कंपनी अवसायनात निघाली की पैसे वाटण्याचा क्रम दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ ने ठरवलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेले कर्जदाते, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, मग बिनतारण वित्तीय कर्जदाते, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर उरलेली देणी. तिकिटाचे पैसे अडकलेला प्रवासी या शेवटच्या गटात मोडतो. विमाने बहुधा भाड्याची असल्यामुळे ती मालकांकडे परत जातात, आणि विकायला फारसे काही राहत नाही. हा क्रम बदलून प्रवाशांचे आगाऊ भाडे वेगळ्या खात्यात सुरक्षित ठेवण्याची तरतूद व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हप्त्यांवर तिकीट काढणारा सामान्य माणूस आणि जोखीम मोजून कर्ज देणारी बँक यांना एकाच रांगेत उभे करणे, तेही सामान्य माणसाला मागे ठेवून, न्यायाला धरून नाही.

दाव्यात प्रत्येक पीएनआर स्वतंत्रपणे लिहावा, रक्कम करांसह मांडावी, आणि बँकेकडून चार्जबॅक मिळालेल्या तिकिटाचा दावा मागे घ्यावा, कारण एकाच रकमेची दोनदा मागणी केल्यास संपूर्ण दावाच अडकू शकतो. दावा पोहोचल्याची पोच जपावी. प्रक्रिया अनेक वर्षे चालू शकते. मधल्या काळात बँक खाते, ई-मेल किंवा पत्ता बदलला, तर तो लेखी कळवावा. पुढे कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला, तर नवे जाहीर निवेदन निघते आणि दावा अद्ययावत करण्यासाठी पुन्हा एक मुदत दिली जाते, म्हणून जाहीर निवेदनांच्या पानावर दर महिन्याला एकदा नजर टाकत राहावी.